गेर्निका लाल नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धावरच्या लेखासोबत पिकासोचं ‘गेर्निका’ छापलंत, बरं वाटलं. पण चित्राखाली ‘दुसऱ्या महायुद्धातील विध्वंस’ अशी ओळ, चित्रावर लालसर छटा आणि मजकुराला जागा हवी म्हणून की काय, डावी बाजू कापलेली. त्या डाव्या बाजूलाच तर मेलेलं मूल हातांवर घेऊन आभाळाकडे तोंड करून आक्रोश करणारी आई आहे. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ती ओळ. गेर्निका हे उत्तर स्पेनमधलं बास्क लोकांचं गाव. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. देशात यादवी चालू होती. सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी तीन तासांहून जास्त वेळ गावावर बॉम्ब टाकले. महायुद्धाला अजून दोन वर्षं अवकाश होता. जॉर्ज स्टीअर हा बातमीदार त्याच रात्री दोन वाजता जळत्या गावात पोचला आणि २८ तारखेला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याची बातमी आली. फ्रँकोची माणसं मात्र म्हणत राहिली, माघार घेणाऱ्या सरकारी बाजूच्या लोकांनीच गाव पेटवलं. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी जबाबदारी कबूल केली ती थेट १९९७ मध्ये. हे कबूल करून घ्यायला साठ वर्षं लागली, आणि आपण एका ओळीत ते गाव भलत्याच युद्धात ढकलून मोकळे!

आता रंग. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पिकासोकडे जानेवारीतच चित्र मागितलं होतं. विषय ठरत नव्हता. गेर्निकाच्या बातम्या आल्या, वर्तमानपत्रांत कृष्णधवल फोटो आले आणि १ मेला त्याने रेखाटनं सुरू केली. जूनच्या सुरुवातीला चित्र तयार. काळा, पांढरा, करडा, बस. घोड्याच्या अंगावर बारीक बारीक रेघा आहेत, त्या मला छापील मजकुराच्या ओळीच वाटतात. १९७४ साली न्यूयॉर्कला एकाने या चित्रावर लाल स्प्रे मारला होता. तो निदान पुसता तरी आला.

मूळ चित्र मी पाहिलेलं नाही. ते आता माद्रिदला आहे आणि मास्तरच्या पेन्शनीत माद्रिद बसत नाही. पण इंटरमिजिएटच्या मुलांना घेऊन एकदा शाळेच्या मैदानावर चुन्याने त्याची चौकट आखली होती : साडेपंचवीस फूट लांब, साडेअकरा फूट उंच. दोरी धरायलाच चौघं लागले. खाली पडलेल्या सैनिकाच्या जागी आठवीतलं एक पोरगं हात पसरून झोपवलं, ते पुरेना. दोघं डोक्याला डोकं लावून झोपले तेव्हा कुठे सैनिक भरला. सुरुवातीला त्या सैनिकाची मूठ वर उगारलेली होती, पिकासोची छायाचित्रकार मैत्रीण डोरा मार हिने काम चालू असताना काढलेल्या फोटोंत ती दिसते. पिकासोने नंतर ती काढून टाकली. आता त्याच्या हातात तुटकी तलवार आणि तिच्याशेजारी एक लहानसं फूल आहे. मला विचाराल तर मूठ काढली हे फार बरं केलं.

चित्रात विमान शोधा, असं मी मुलांना सांगायचो. विमान नाही, बॉम्बही नाही, वर फक्त एक विजेचा दिवा. एका मुलीने विचारलं होतं, “सर, मग मारलं कुणी?” मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

एक विनंती. चित्र पुन्हा छापा, छटा न चढवता आणि न कापता. तुमच्या पानाच्या पूर्ण रुंदीत घेतलंत तर उंचीला पंधराएक सेंटिमीटर जागा लागेल, मी पट्टीने मोजून पाहिलंय.

– एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा