पॅसेजमध्ये मावणारा काता

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी लागल्यापासून कराटेच्या क्लासला एकदाही जाणे झालेले नाही, गीचा पोशाख कपाटात घडी घालून ठेवला आहे आणि जरा स्थिरस्थावर झाले की पुन्हा सुरू करीन, असे तू परवा फोनवर म्हणालीस, तेव्हा मी मुद्दामच गप्प राहिले. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचलेल्या मुलीला सरावाचे महत्त्व सांगत बसणे मला शोभणार नाही, आणि तुझी अडचण वेळेची आहे हे मला कळते. म्हणून हे पत्र वेळेपुरतेच आहे.

स्थिरस्थावर होण्याची वाट पाहण्यात फसगत कशी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तुझा क्लास सुटेपर्यंत बाकावर बसून राहण्याचा कंटाळा आला, म्हणून मी अडतिसाव्या वर्षी पांढरा बेल्ट बांधला, हे तुला ठाऊकच आहे. पण पुढच्याच वर्षी कामाचा व्याप वाढल्यावर सात महिने माझा सराव पार सुटला होता, हे तुला बहुधा आठवत नसेल. त्या काळात मी दर रविवारी नवे वेळापत्रक आखत असे. पहाटे पाच ते सहा, त्यात वॉर्म-अप, किहोनच्या मूलभूत हालचाली, काता म्हणजे ठरावीक क्रमाच्या हालचालींची मालिका, सगळे काही. त्यांतले सर्वांत दीर्घायुषी वेळापत्रक अकरा दिवस टिकले. बाराव्या दिवशी उठायला उशीर झाला, तासाऐवजी पंचवीस मिनिटे उरली आणि एवढ्याशा वेळात काय होणार, असे म्हणून मी पुन्हा आडवी झाले.

आता त्या पंचवीस मिनिटांचा हिशोब करून पाहा. पाच हेइआन कातांच्या हालचाली अनुक्रमे २१, २६, २०, २७ आणि २३, म्हणजे सगळ्या मिळून ११७ होतात. एका कात्याला जेमतेम मिनिटभर लागते. मध्ये श्वास घ्यायला थांबूनही पाचही काता सहा-सात मिनिटांत होतात; त्या दिवशी मी ते तीन वेळा करून आंघोळीला गेले असते.

गंमत अशी की, हे काता मुळात विद्यार्थ्यांसाठीच रचलेले आहेत. जपानच्या ओकिनावा बेटावरील शाळांमध्ये १९०१ च्या सुमारास कराटे शिकवायला सुरुवात झाली आणि त्या मुलांना जुने लांबलचक काता झेपणार नाहीत, हे ओळखून कराटेचे गुरू अंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे पाच लहान काता बांधले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे कित्येक वर्षे शाळेत शिक्षक होते. दिवसा वर्ग आणि रात्री गुरूंच्या अंगणात सराव, असा त्यांचा क्रम होता. १९२२ मध्ये ते तोक्योला गेले, तेव्हाही विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राखणदारी आणि झाडलोट करून उरलेल्या वेळात ते शिकवत असत. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये एका मंदिरातल्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली ज्यूदोची शाळा सुरू केली, आणि त्याच वर्षी त्यांची शिक्षकाची नोकरीही सुरू झाली. नोकरी सांभाळून सराव करणे ही तुझ्या पिढीवर आलेली नवी आपत्ती नव्हे, एवढेच मला म्हणायचे आहे. (या सर्व थोर पुरुषांच्या घरचे काम त्या वेळी कोण करीत होते, हा प्रश्न मी येथे काढत नाही.)

तुझ्या खोलीत जागा नाही, हे तुझे दुसरे म्हणणे. मग तेक्की हा काता कर. ग्रेडिंगच्या परीक्षेसाठी तो तुझ्याकडून घोटून घेतला आहे, तेव्हा विसरली नसशीलच. अख्खा काता किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, डावी-उजवीकडे एकाच सरळ रेषेत चालतो. पुढे-मागे पाऊल टाकावेच लागत नाही, त्यामुळे तो अरुंद पॅसेजमध्येही मावतो. फुनाकोशींनी तेक्कीच्या तीन कातांवर दहा वर्षे घालवली होती, तेव्हा ही पळवाट आहे असे मनात आणू नकोस. हेइआन करताना भिंत आडवी आली, तर पाऊल मागे घेऊन तिथूनच पुढची हालचाल करावी. रेषा बिघडते, पण वळण, कंबर आणि हिकिते (दुसरा हात कमरेशी ओढून घेणे) यांचा सराव शाबूत राहतो. किआईची आरोळी शेजाऱ्यांना ऐकवण्याची गरज नाही. पोट आवळून श्वास झटक्याने सोडलास तरी पुरे.

हे सारे केव्हा करायचे, यावर मी बरेच प्रयोग केले. पहाटेचा हट्ट मी सोडून दिला, कारण झोप तोडून केलेल्या सरावात माझे पाय जड असत, आणि शिवाय नव्या हालचाली अंगात मुरण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. कामावरून घरी आल्यावरची वेळ चालते. मात्र एकदा खुर्चीला पाठ टेकली की संपले, हे मी शपथेवर सांगू शकते. म्हणून मी सराव आंघोळीला बांधला. आंघोळ काही चुकत नाही, आणि तिच्याआधी घाम आला तर बिघडत नाही. ठरलेला किमान भाग एकच काता, तोही दमलेल्या दिवशी सावकाश केला तरी चालतो. पुष्कळदा एकाचे तीन होतात, कधी होत नाहीत. आठवड्यातून एकदाच दोन तास झोडपून घेण्यापेक्षा रोजची ही दहा मिनिटे हातापायांत अधिक मुरतात, हे तुला महिन्याभरात हिकितेवरूनच कळेल.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, ती तू करू नकोस. वेळ वाचवायचा म्हणून मी वॉर्म-अप गाळून थेट माए-गेरी, म्हणजे समोरची किक, मारू लागले. समोर पॅड नसताना पूर्ण जोराने मारलेली किक हवेत कुठेच थांबत नाही, तो सगळा झटका गुडघ्याच्या सांध्यावर येतो, आणि माझा उजवा गुडघा दीड महिना जिन्यावर कुरकुरत राहिला. तेव्हा आधी चार मिनिटे सांधे मोकळे कर, घरी किक संथ मार, गुडघा उंच उचलून क्षणभर धर आणि पाय मागे घेण्यावर लक्ष दे. लांबवून धरायचे स्ट्रेचिंग शेवटी, अंग गरम असताना कर.

एवढे करूनही क्लास लागतोच. एकटीने केलेल्या सरावात चूकही तितक्याच निष्ठेने पक्की होते. माझे डावे कोपर पंच मारताना बाहेर फाकते, हे मला दोन वर्षांनी सरांनी दाखवले. फोन टेकवून स्वतःचे चित्रीकरण केलेस तर निम्म्या चुका तुझ्या तुलाच दिसतील. परंतु कुमितेतले, म्हणजे जोडीदाराशी लढतानाचे अंतर, ज्याला आपण माआई म्हणतो, ते समोर माणूस असल्याशिवाय कळत नाही. (त्या जपानी शब्दाच्या पोटात आई कशी शिरली कोण जाणे, पण अंतर राखणे मला कधी जमले नाही, हे हे पत्र वाचताना तुझ्या लक्षात आलेच असेल.) आठवड्यातून तीन दिवस जमत नसेल, तर पंधरा दिवसांतून एकदा जा, नव्या सरांना ही परिस्थिती आधीच सांग आणि प्रत्येक वेळी घरी घोटण्यासाठी एकच गोष्ट विचारून घे. पहिल्या दिवशी तुला धाप लागेल. सराव सुटला की दमसास काही आठवड्यांतच कमी होतो, ताकद त्यामानाने सावकाश जाते आणि काता बहुतेक शाबूत असतो. त्यामुळे दम लागला म्हणून सगळेच गेले, असे समजून परत फिरू नकोस.

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचे तू काहीच बोलली नाहीस, मीही विचारत नाही. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीला शोदान म्हणतात, त्या शब्दातला ‘शो’ म्हणजे आरंभ. तो वर्षभर पुढे गेला तर कोणाचे अडत नाही.

रविवारी फोन करशील तेव्हा तुझा पॅसेज किती पावले लांब आहे, ते मोजून सांग. तेक्कीचे चित्रीकरण पाठवलेस तर मी माझे पाठवीन, पण हसायचे नाही, कारण पाय झटक्यात वर उचलून पुन्हा टेकवायची माझी नामी-गाएशी अजूनही पाय आपटल्यासारखीच होते. तुझीही तशीच होत असेल, तर खालच्या मजल्यावर आवाज जातो का, ते आधी विचारून घे.

तुझी,
आई