पणजीचं नाव काय होतं?

बँकॉक, २४ सप्टेंबर

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई सांगता सांगता बदलून टाकते, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. शनिवार-रविवारला एक रजा जोडली आणि ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गावी जाऊन आले. प्रांताचं नाव बुरीरम. बाबा, त्यात राम नाही, मीही आधी फसले होते. पुरी आणि रम्य मिळून बुरीरम. बँकॉकहून रेल्वेनं सहा-सात तास. शेवटचे दोन तास खिडकीबाहेर नुसतं धान. बांध्या, धुरे, मधूनच एखादी बोडी आणि तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या म्हशी. गोंदियाची गाडी चुकून इकडे वळली की काय असं वाटावं.

मी खरं तर निघाले होते फनोम रुंगसाठी. थंड झालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं शंकराचं देऊळ, ख्मेर राजांच्या काळातलं. दहाव्या ते तेराव्या शतकापर्यंत त्याचं बांधकाम टप्प्याटप्प्यानं होत राहिलं. देवळाला एका रेषेत पंधरा दारं आहेत, आणि वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, उगवता सूर्य त्या पंधराही दारांतून आरपार दिसतो. सप्टेंबर एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. पोचल्यावर कळलं, तो मुहूर्त ८ ते १० तारखेचा. मी दहा दिवस उशिरा! आई, ‘ही परीक्षेलासुद्धा अशीच जायची’ हे तुझं वाक्य मला इथपर्यंत ऐकू आलं.

पण सूर्य नव्हता म्हणून गर्दीही नव्हती. खालून १६० मीटर लांबीची फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना कमळाच्या कळीच्या आकाराचे दगडी खांब, मग पाच फण्यांच्या नागांचा कठडा असलेला पूल, आणि मग पायऱ्या. बाबा, तुमच्या गुडघ्यांना त्या झेपणार नाहीत, आत्ताच सांगून ठेवते. वर गुलाबीसर दगडाचं देऊळ आहे. पूर्वेच्या दारावर दहा हातांचा नाचणारा शंकर आणि त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू. बेंबीतून कमळ, कमळावर ब्रह्मदेव, पायाशी लक्ष्मी. ही पट्टी १९६० च्या दशकात चोरीला गेली आणि निघाली कुठे, तर अमेरिकेत, शिकागोच्या कलासंग्रहालयात! लोकांनी फार आरडाओरडा केला, तेव्हा १९८८ मध्ये परत आली. आता पुन्हा आपल्या दारावर बसली आहे, एक तुकडा नाही तो नाहीच. आत नंदी आहे, पिंड आहे, आणि अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हाळसुद्धा आहे. पूजा मात्र आपल्यासारखी रोजची नाही. मी हात जोडून ‘ॐ नमः शिवाय’ म्हटलं, तर शेजारची थाई शाळकरी पोरं माझ्याकडे देवळापेक्षा जास्त बघायला लागली.

डोंगराच्या पायथ्याशी मुआंग तम नावाचं दुसरं देऊळ आहे. खरं सांगू, मला तेच जास्त आवडलं. चार कोपऱ्यांत चार काटकोनी तळी, त्यांच्या काठावरून लांबच लांब दगडी नाग पसरलेले, पाण्यात कमळं. एका पट्टीवर गोवर्धन उचललेला कृष्ण आहे. शेजारी तेव्हाच बांधलेला प्रचंड तलाव, एक किलोमीटरहून लांब, आणि गाव आजही त्याच्या पाळीवर वसलेलं. बाबा, आपल्याकडच्या मामा तलावांवर, म्हणजे त्या जुन्या माजी मालगुजारी तलावांवर, तुम्ही तास तास बोलता. इथे तुम्हाला दोन दिवस पुरले नसते.

आणि आता खास तुमच्यासाठी. इथे सारस आहेत! थायलंडच्या रानातून तो कित्येक वर्षांपूर्वी नाहीसाच झाला होता. मग प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवून २०११ पासून बुरीरमच्या पाणथळीत सोडायला लागले. आम्ही गेलो त्या जलाशयाच्या नावाचा अर्थ ‘मगरी पुष्कळ’. मला एकही दिसली नाही. सारस मात्र दिसले, धानाच्या बांधीत एक जोडी, पायात रंगीत कडी. तुम्ही मला पहाटे परसवाड्याच्या तलावावर नेऊन ‘हलू नको, बोलू नको’ म्हणायचात, तशीच उभी राहिले. आपल्या सारसाच्या लाल मानेखाली पांढरा पट्टा असतो ना, तो यांना नाही, सगळं अंग सारखंच राखाडी. ओरडतात मात्र अगदी तसेच, जोडीनं, मान वर करून. मैत्रिणीचा काका म्हणाला, आमच्या बांधीत घरटं झालं तर त्या तेवढ्या तुकड्यात आम्ही पाय घालत नाही. आपल्याकडेही असं करणारे शेतकरी आहेत, हे मी त्याला तुमच्या वतीनं सांगून टाकलं.

आता मुख्य गोष्ट. रविवारी अमावास्या होती. आपली सर्वपित्री. मला वाटलं होतं, यंदा आजीचं पहिलंच वर्ष आणि मी इथे, ऑफिसच्या खोलीत डबा खात बसणार. तर इकडच्या ख्मेर बोलणाऱ्या गावांत नेमका हाच पंधरवडा पितरांचा! सणाचं नाव सेन दोन ता. दोन म्हणजे आजी, ता म्हणजे आजोबा, सेन म्हणजे त्यांना नैवेद्य. भाताचे गोळे करतात, त्यांना म्हणतात बाय बेन. बाय म्हणजे भात, आणि बेन म्हणजे, बाबा, आपला पिंडच.

मैत्रिणीच्या आजीला सगळे ‘याय’ म्हणतात. पायात बळ नाही, पण घर सगळं तिच्याच हुकमावर. आदल्या दिवशी आम्ही बायका केळीच्या पानांत चिकट भात आणि केळं बांधत बसलो. पान आधी जाळावर शेकायचं, नाहीतर घडीवर फाटतं. माझी पहिली पाच फाटली. यायनं काही न बोलता माझ्या हातातलं पान काढून घेतलं, अंगठ्यानं मधली शीर दाबली, दोन घड्या घातल्या आणि पुन्हा माझ्या हातात ठेवलं. आजी मोदकाची कळी मोडली की असंच करायची.

आई, नैवेद्यात आख्खी उकडलेली कोंबडी होती. मासे होते, दारूसुद्धा होती. तू नाक मुरडशील हे मी तिथेच मनात म्हटलं. त्याच चटईवर फळं होती, पान-सुपारी होती, आजोबांसाठी नवी लुंगी होती. आणि क्रयासात, म्हणजे भाजलेले तांदूळ, शेंगदाणे आणि तीळ घातलेली गुळाची चिकट वडी. नावातला ‘सात’ हा आपला शरदच. आपल्या चिक्कीची सख्खी बहीण, फक्त दाढेला जरा जास्त चिकटते.

पहाटे अंधारातच विहारात गेलो. मी भक्तिभावानं पुडा थेट भिक्षूंच्या हातात द्यायला गेले, तर मागून चार बायकांनी माझा दंड धरला. बाईच्या हातून ते थेट घेत नाहीत. म्हाताऱ्या भिक्षूंनी हसत समोर एक कापड पसरलं, मी पुडा त्यावर ठेवला आणि त्यांनी कापडाचं दुसरं टोक धरलं. कान तापले माझे. पण कुणी रागावलं नाही.

घरी परतल्यावर याय चटईपुढे बसली आणि वाटीत थोडी थोडी धार सोडत एकेका पितराला हाक मारू लागली. या, जेवा, पोरांना सांभाळा. खूप नावं होती. मग तिनं वाटी माझ्यापुढे सरकवली. मैत्रीण म्हणाली, ‘तुझ्या घरचेही बोलाव, दुरून यावं लागेल त्यांना.’

मी आजीचं नाव घेतलं. आजोबांचं घेतलं. त्यांच्या वडिलांचं आठवलं, तुम्ही श्राद्धाला म्हणता म्हणून. पुढे आजोबांच्या आईचं नावच येईना. याय तांब्या धरून थांबली होती. शेवटी मी मराठीत नुसतं ‘पणजी’ म्हटलं आणि पाणी सोडलं. यायनं मैत्रिणीला विचारलं, हे नाव आहे का? मैत्रिणीनं तिला हो सांगितलं.

बाबा, पणजीचं नाव काय होतं? लग्नातलं आणि माहेरचं, दोन्ही लिहा. आणि आई, तुझ्या आजीचंही. फोनवर नको, कागदावर पाठवा. यायनं पुढच्या वर्षीच्या या अमावास्येला बोलावलं आहे.

क्रयासातचे दोन पुडे दिवाळीत घेऊन येते. बाबांनी कवळी काढूनच खावी.

तुमची,
छकुली