बाई, तुमच्या ‘वाइल’मुळे बोट थांबली

आदरणीय बाई,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच ‘गृहपाठ झाला का?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. एरंडवण्यातल्या तुमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून जर्मन शिकलेले कितीतरी जण आज कुठे कुठे आहेत. त्यांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबरात आम्ही चौघी शाळेतल्या मैत्रिणी म्युनिकला गेलो. एकीची लेक तिथे नोकरीला असते. लेकीला सुट्टी नव्हती, म्हणून एक शनिवार-रविवार आम्ही आमच्या आम्हीच फिरायचं ठरवलं. नवरा, मुलं, टूरचा माणूस, कुणीच बरोबर नाही, असं आम्हा चौघींच्या आयुष्यात पहिल्यांदा घडणार होतं. निघायच्या आधी मी तुमच्याकडे यादी घेऊन आले होते: नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, साल्झबुर्ग, इन्सब्रुक आणि क्योनिगझे तलाव. तुम्ही लाल पेन घेतलंत आणि पहिली तिन्ही नावं खोडलीत. “दोन दिवस, एक तळं. घाईत पाहिलेलं घरी येईपर्यंत टिकत नाही,” म्हणालात. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढा खर्च करून जायचं आणि एकच तळं?

त्या यादीच्या पाठीमागे तुम्ही जे लिहून दिलंत त्यावर आमची सगळी सहल झाली. बायर्न टिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या रेल्वेचं दिवसभराचं तिकीट काढा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, शनिवार-रविवारी ते सकाळी नऊच्या आधीही चालतं, पण आयसीई या वेगवान गाडीत चढू नका. फ्राइलासिंगला गाडी बदला. बेर्श्तेसगाडेनला उतरून स्टेशनसमोरून तलावाची बस घ्या. रविवारी दुकानं बंद, पाव-फळं शनिवारीच घेऊन ठेवा. रोख युरो जवळ असू द्या. आणि दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: तलावाच्या दुसऱ्या टोकाला, सालेटच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या शेवटच्या बोटीची वेळ पाहा, कारण तलावाच्या काठाने परत यायला वाट नाही, राहायलाही तिथे काही नाही.

बाई, त्या तलावाबद्दल वर्गात तुम्ही बोलायचात तेव्हा मी ते शब्दसंग्रहाचा भाग म्हणून ऐकत होते. प्रत्यक्ष बोट धक्क्यावरून सुटली आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे इंजिनाचा आवाजच नाही. 1909 पासून तिथे प्रवाशांच्या बोटी विजेवर चालतात, हे तुम्ही सांगितलं होतंत. पण म्हणजे नक्की काय, ते चाळीस-पन्नास माणसं भरलेली बोट हिरव्या पाण्यावरून गुपचूप सरकायला लागते तेव्हा कळतं. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. जवळजवळ आठ किलोमीटर लांब आणि 190 मीटरपर्यंत खोल. कोणे एके काळी हिमनदीने कोरलेली ती चीर आहे. मला सारखं खडकवासला आठवत होतं. ज्या पाण्यावर आपलं अर्धं पुणं जगतं, त्याच्या काठावर रविवारी संध्याकाळी कणसाची बुरकुंडं आणि प्लास्टिकचे पेले पडलेले असतात. आपल्यालाही हे जमायला हवं, असं तिथे बसून मला फार तीव्रतेने वाटलं.

मध्यावर चालकाने बोट थांबवली. दार उघडून तो उभा राहिला आणि कड्याकडे तोंड करून त्याने कर्ण्यासारखं पितळी वाद्य वाजवलं. चार सूर वाजवायचे, थांबायचं. मग तेच चार सूर कडा परत द्यायचा, स्वच्छ, जणू समोर दुसरा कुणी वाजवणारा उभा आहे. पूर्वी तिथे बार उडवून प्रतिध्वनी ऐकवत असत. हे सूर मात्र कुणालाही हळवं करतील असे होते. आमची सहकारनगरची मैत्रीण, जी एरवी क्षणभर गप्प बसत नाही, तिने माझा हात धरला तो काठावरचं सांक्ट बार्टोलोमेचं देऊळ येईपर्यंत सोडला नाही.

त्या देवळाचे लाल कांद्याच्या आकाराचे घुमट आणि मागे उभा 2713 मीटरचा वात्समान डोंगर. तुम्ही सांगितलेली क्रूर राजाची गोष्ट मी तिघींना तिथेच गवतावर बसून सांगितली. राजा, राणी आणि मुलं, सगळी शापाने दगड झाली, तीच या डोंगराची शिखरं. मग बराच वेळ आम्ही मुलांची शिखरं मोजत बसलो. कुठे पोचायची घाई नव्हती. लाल पेनाने खोडलेल्या त्या तीन नावांचं मोल मला तिथे कळलं.

सालेटहून पुढे चालत गेलं की ओबरझे, म्हणजे वरचं तळं. पाणी इतकं स्थिर की डोंगर खरा कुठला आणि पाण्यातला कुठला हे फोटोत आजही पटकन सांगता येत नाही. पलीकडच्या टोकाला कुरणातल्या झोपडीत आम्ही ताक प्यालो आणि पाव-चीज खाल्लं. लांबवर रोएटबाखचा धबधबा कड्यावरून पांढऱ्या दोऱ्यासारखा उतरत होता.

परतताना दगडी पायऱ्यांवर कर्वेनगरवालीचा पाय मुरगळला. दोघी तिच्या दोन्ही बाजूंना, पावलापावलाला थांबत. घड्याळात पाहिलं, शेवटच्या बोटीला फारसा वेळ नव्हता. मी पुढे निघाले. धक्क्यावर पोचले तेव्हा रांग जवळजवळ आत गेलेली होती आणि दोर सोडायची तयारी चालली होती. मला धाप लागलेली, घसा कोरडा. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे भाषांतराचा आधारही नाही.

आणि तुमचा आवाज आठवला: “वाइल, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद शेवटी. मराठी माणसाला हे अवघड का वाटावं? तुम्ही जन्मभर क्रियापद शेवटीच ठेवत आलात!” मी मनात मराठी वाक्य धरलं: कारण माझी मैत्रीण भरभर चालू शकत नाही. आणि ‘कृपया थांबा’ जोडून त्याच चालीवर म्हटलं, “बिट्टं वार्टन झी, वाइल माइनं फ्रॉइंडिन निश्त श्नेल गेएन कान.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मागच्या वाटेकडे पाहिलं आणि हात खाली दाबल्यासारखा करत म्हणाला, “लांगझाम, लांगझाम.” सावकाश, सावकाश. बोट थांबली. तिघी झाडांमधून दिसल्या तेव्हा तो स्वतः फळीपर्यंत पुढे आला, तिला धरून आत घेतलं आणि पाय लांब करता येईल अशी जागा दिली. आत बसलेल्यांपैकी एका आजीने आपली शाल गुंडाळून पायाखाली ठेवायला दिली. बाई, मी तेव्हा रडले. पाय मुरगळल्याचं नव्हे, आपण बोललो आणि समोरच्याला कळलं, याचं ते रडू होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकायला आलेल्या बाईला तुम्ही कधी एकदाही ‘आता या वयात कशाला’ म्हणाला नाहीत. तीन वर्षं दर मंगळवारी आणि गुरुवारी तीच चूक मी करायचे आणि तितक्याच वेळा तुम्ही ती शांतपणे सुधारायचात.

रविवारी तिचा पाय सुजलेला होता, म्हणून ती आणि मी गावात बाकावर बसून राहिलो, बाकीच्या दोघी मालरविंकेलला, चित्रकारांच्या त्या कोपऱ्यावर जाऊन आल्या. ढग खाली उतरले होते, तलाव अर्धाच दिसत होता. तरी दोन तास आम्ही तिथून हललो नाही. गावातल्या औषधांच्या दुकानालाही सुट्टी, पण तुमच्या सांगण्यावरून घेतलेली क्रेप पट्टी माझ्या पिशवीत होती. तेही तुमच्याच यादीत होतं, नववं.

तुम्ही त्या बोटीत शिष्यवृत्तीच्या दिवसांत बसला होतात. आता गुडघ्यांमुळे जिनाही उतरवत नाही, म्हणून परत जाणं नाही, हे तुम्ही एकदा सहज बोलून गेला होतात. मी विसरले नाही. ते चार सूर मी फोनवर धरून आणलेत. मध्ये कुणाचं तरी बाळ किंचित कुरकुरतं, पण कड्यावरून आलेला आवाज नीट ऐकू येतो. गुरुवारी वर्ग सुरू व्हायच्या जरा आधी येते. पंखा तेवढा बंद ठेवा.

तुमची,
मंगळवार-गुरुवारच्या वर्गातली विद्यार्थिनी
कोथरूड, पुणे