परांचीवरच्या कामगारांची सोय होईपर्यंत काम थांबवा: अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, मनीषनगर, नागपूर

विषय: बी विंगच्या मागच्या बाजूचे प्लास्टर व रंगकाम तात्पुरते थांबवण्याबाबत

अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

बी विंगच्या मागे कामगारांना उभं राहायला बांधलेल्या बांबूच्या परांचीचे फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, तेव्हा "ठेकेदाराला सांगितलं आहे, सेफ्टी बेल्ट आणायला लावले आहेत" असं आपण लिहिलंत. बेल्ट आले, हे खरं. पिवळे, नवेकोरे. आज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक मिस्त्री तो बेल्ट घालून चौथ्या मजल्यावर जुनं प्लास्टर फोडत होता. बेल्टचा हूक त्याने त्याच बेल्टच्या कडीत अडकवून ठेवला होता, पायात येऊ नये म्हणून. मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, कहाँ लगाऊँ?"

त्याचं बरोबर आहे. लावायला जागाच नाही. बांबू काथ्याने बांधलेले आहेत. हूक त्यात अडकवला तर माणूस पडताना परांचीचा तेवढा भाग सोबत घेऊन येईल. बरं, हूक पायाजवळ लावला आणि दोरी 1.8 मीटरची असली, तर झटका बसेपर्यंत माणूस जवळपास तीन मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे आमच्या खिडकीतून खालच्यांच्या खिडकीत. त्यात हे बेल्ट नुसते कमरेचे. पडणाऱ्याचा सगळा भार पोटावर आणि मणक्यावर येतो. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो आणि तो बाजारात सहज मिळतो.

उपाय अवघड नाही. परांचीवर जितकी माणसं, तितके जाड दोर टेरेसवरून खाली सोडायचे, परांचीशी काही संबंध न ठेवता. प्रत्येकाचा हूक त्याच्या स्वतःच्या दोरावरच्या सरकत्या पकडीत राहील. तो खाली-वर होईल तशी पकड सरकते, आणि झटका बसला की आवळते. दोर बांधायचे ते पाण्याच्या टाकीखालच्या कॉलमला. कठड्याला मुळीच नाही. आपला कठडा विटांचा आहे, जिन्याच्या बाजूला तर तो हाताने हलतो, आणि याच कामात तो दुरुस्तही व्हायचा आहे! दोर जिथे कठड्याच्या कडेवर घासेल तिथे पोत्याची जाड घडी ठेवावी लागेल. या सगळ्याचा खर्च दोन-तीन फ्लॅटच्या महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही.

फळ्यांचंही बघावं. कोपऱ्यावरची फळी शेवटच्या बांबूच्या हातभर पुढे आली आहे आणि बांधलेली नाही. टोकावर पाय पडला की दुसरं टोक उचलतं. बाहेरच्या बाजूला आडवा कठडा म्हणून एकही बांबू नाही.

खाली तर आणखी मजा. मलबा वरून थेट पार्किंगच्या कडेला टाकतात, आणि तो घमेल्यात भरणारी रेजा (मजूर बाई) तिथेच उभी असते. डोक्यावर ओढणी आहे, हेल्मेट नाही. संध्याकाळी आपलीच मुलं त्या बाजूने सायकली काढतात. पत्रे लावून तेवढी जागा बंद करायला अर्धा दिवस पुरे. ड्रिल मशीनला प्लग नाही. उघड्या वायरी काडी खोचून सॉकेटमध्ये बसवल्या आहेत आणि ती वायर नव्या प्लास्टरवर मारलेल्या (क्युरिंगच्या) पाण्यातून गेली आहे. जिन्याखालच्या त्या बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नाही, हे मी वॉचमनला बोर्ड उघडायला लावून पाहिलं.

मागच्या सभेत समितीतले एक सदस्य म्हणाले, "हे लोक वर्षानुवर्षं असंच काम करतात, त्यांना सवय असते." मी विम्याच्या दाव्यांचं काम करते. सवय असलेल्यांच्याच फायली माझ्या टेबलावर येतात. म्हणून विचारते, ठेकेदाराची कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी समितीने उघडून पाहिली आहे का? त्यात किती माणसं आणि किती मजुरी दाखवली आहे? दाखवलेल्यापेक्षा माणसं जास्त निघाली की दावा अडकतो. आपल्या ठेकेदाराने प्लास्टरचं काम दुसऱ्याला दिलं आहे आणि तो माणसं रोज सकाळी मजूर उभे असतात त्या ठिय्यावरून आणतो. पोटठेकेदाराची माणसं पॉलिसीत वेगळी नमूद केलेली नसतील, तर तो कागद असून नसल्यासारखा.

"सर्व जबाबदारी ठेकेदाराची" ही करारातली ओळ आपल्याला वाटते तेवढी भक्कम नाही. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या बांधकामासाठी 1996 पासून वेगळा कायदा होता, त्यात दुरुस्तीची कामंही धरली होती. 2020 च्या कामगार सुरक्षेच्या संहितेत तो सामावला गेला. आपल्याकडे रोज चौदा-पंधरा माणसं असतात. इमारत पाडताना, बांधताना किंवा दुरुस्त करताना ती किंवा तिचा भाग पडून कुणाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 खाली गुन्हा आहे. त्यासाठी आधी कुणाला इजा व्हायला हवी असं नाही.

माझ्या मते खरी अडचण करारातल्या दंडात आहे. पावसाच्या आधी काम संपलं नाही तर रोजचा दंड, आणि पैसे चौरस फुटावर. मग हूक काढ-घाल करत कोण बसणार? ऐन नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, भर दुपारी ही माणसं पश्चिमेच्या भिंतीवर असतात. बारा ते चार काम बंद ठेवून सकाळी सहाला सुरू करू द्या. सहाला आवाज होतो म्हणून ओरड होईल, आमच्या घरातूनही होईल. ती मी ऐकून घेईन. दंडाची अट पंधरा दिवस पुढे ढकलल्याचं मात्र ठेकेदाराला लेखी द्यावं, तोंडी सांगून तो विश्वास ठेवणार नाही.

उद्यापासून मागच्या बाजूची परांची रिकामी ठेवावी आणि दोर, हार्नेस, कठड्याचे बांबू लागल्यावरच माणसं वर चढवावीत, अशी विनंती आहे. तळमजल्याची कामं चालू राहू शकतात, म्हणजे त्यांची रोजीही बुडणार नाही. दोर बांधताना मी टेरेसवर थांबायला तयार आहे. परवा संध्याकाळपर्यंत काही हाललं नाही, तर हेच पत्र फोटोंसह कामगार आयुक्त कार्यालयात नेऊन देईन.

आपली,
फ्लॅट 403, बी विंग

प्रत: सचिव, खजिनदार
सोबत: फोटो