वाळलेलं झाड तोडू नका, त्यात रानपिंगळा राहतो

मा. संपादक साहेब, स.न.

आमचं गाव धारणी तालुक्यात, मेळघाटच्या जंगलाला लागून. मागच्या वर्षी जानेवारीत नाल्याकाठी एक अर्धा वाळलेला साग होता, त्याच्या ढोलीत रानपिंगळ्याची, म्हणजे रानातल्या छोट्या घुबडाची, जोडी होती. सकाळचे दहा वाजले असतील, चांगलं ऊन पडलं होतं, अन् नर चोचीत सरडा घेऊन आला, वाळक्या फांदीवर बसून शेपटी इकडे तिकडे झटकत राहिला, मग मादीने ढोलीतून डोकं काढून सरडा घेतला. गोठ्याजवळचा नेहमीचा पिंगळा नव्हे हा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं अन् छातीवर तपकिरी पट्टा.

यंदा गेलो तर तिथे नुसता खुंट.

कोणी नेलं यावर मला भांडायचं नाही, चूल आमच्याही घरी पेटते. पण हा पक्षी जगात फक्त भारतात आहे, १८८४ नंतर कोणाला दिसलाच नाही म्हणून संपला असं धरलं होतं, तो १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन अन् बेन किंग या पक्षी अभ्यासकांना परत सापडला. ११३ वर्षांनी! नंतर आपल्या मेळघाटातही मिळाला. त्याला स्वतःला झाड कोरता येत नाही हो, सुतार पक्ष्याने नाहीतर तांबट पक्ष्याने पाडलेली जुनी ढोली लागते, अन् ती बहुधा जुन्या, वाळत आलेल्या झाडात असते. आपण तेच झाड आधी तोडतो.

वनविभागाला विनंती आहे की कूपाचं, म्हणजे तोडीसाठी ठरवलेल्या जंगलाच्या तुकड्याचं, मार्किंग करताना ढोलीची झाडं रंगाचा पट्टा मारून सोडून द्या, गावच्या समितीला दाखवा, आम्ही राखू. सरपणाला पडलेलं लाकूड घेऊ. मोहफुलासाठी झाडाखालचा पाला जाळतात त्याऐवजी झाडून घेतला तर वणव्याची भीती कमी होईल, अन् पोकळ झाड तर बुडातून पेटलं की उभं राहतच नाही. अन् मोकळं रान दिसलं की लगेच रोपं लावायचा कार्यक्रमही जरा विचारून करा, या पक्ष्याला विरळ सागाचं जंगल जास्त मानवतं, दाट झाडीत तो शिकार कशी करणार?

नाल्याच्या वरच्या अंगाला अजून दोन जुने साग उभे आहेत, एकाला सुतार पक्ष्याने नवीन भोक पाडलंय. मार्किंगवाले यायच्या आत पत्र छापलं तर फार बरं होईल.

आपला,
एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती