वागणं मोजता, पण परिस्थितीचं काय?

संपादक महोदय,

बॉस असा असला की काम वाढतं, कर्मचारी तसे वागतात, अशा रिसर्चच्या बातम्या सारख्या येतात पण तो अभ्यास कुठल्या कामाच्या ठिकाणी नि कुठल्या काळात झाला हे कुणी सांगतच नाही, आणि खरी मेख तिथेच असते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांवर झालेल्या गाजलेल्या प्रयोगांचंच घ्या. माणसांकडे लक्ष दिलं की ती जास्त काम करतात, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं. पण १९२७ मध्ये तिथे प्रयोगासाठी सुरू झालेल्या रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे छोटे स्विच) जोडणीच्या खोलीत पगाराचा हिशोबच बदलला होता, आधी तो सुमारे शंभर जणांच्या एकत्र कामावर ठरायचा, तिथे तो फक्त त्या छोट्या ग्रुपच्या कामावर ठरायला लागला, म्हणजे जास्त हात चालवले की पैसे सरळ आपल्याच पदरात. शिवाय जोडणी करणाऱ्या पाचपैकी दोघींना मध्येच बदललं, पुढे महामंदी आली. हे सगळं बाजूला ठेवून निष्कर्ष कसा काय काढायचा?

कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक गॅरी जॉन्स यांनी २००६ मध्ये हेच ठासून मांडलं, की संदर्भ, म्हणजे आजूबाजूची परिस्थिती, बदलला तर दोन गोष्टींमधला संबंध चक्क उलटासुद्धा होऊ शकतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण असल्या बातम्या वाचून मॅनेजर लोक पॉलिसी बदलतात आणि भोगतात कर्मचारी. तेव्हा अशी बातमी छापताना अभ्यास कुणावर झाला, काम काय होतं, पगार कसा ठरायचा, एवढ्या दोन ओळी तरी प्लीज टाकत जा.

– एक नियमित वाचक