वनमंत्री महोदय, जाळरेषा कुठे आहे?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्याचं लिहितो. आमच्या घाटमाथ्यावरचा डोंगर परवा पुन्हा पेटला. दिवाळीनंतरच्या बैठकीत वनखात्याच्या साहेबांनी शब्द दिला होता : जानेवारीअखेर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढू, गावातली चार पोरं फायर वॉचर म्हणून रोजावर घेऊ. मार्च उजाडला. रेषा नाही, पोरं नाहीत. चहा-बिस्किटांचं बिल तेवढं निघालं असेल.

विषय रानकोंबड्याचा आहे. राखी रानकोंबडा, मोराच्याच कुळातला. जगात फक्त आपल्या भारतात, त्यातही मुख्यतः द्वीपकल्पाच्या जंगलांत सापडतो. मानेच्या काळ्या-राखी पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके. पोल्ट्रीतल्या कोंबडीची पिवळी कातडी याच्या रक्तातून आली, हे शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये जनुकं तपासून दाखवलं. म्हणजे मंत्रालयाच्या कॅन्टीनपर्यंत त्याची पोहोच आहे. फाइलपर्यंत नाही.

याची कोंबडी जमिनीवरच अंडी घालते. कारवीच्या बुडाशी उथळ खळगा, त्यात वाळका पाला, तीन आठवडे बसून राहायचं. हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते मे. आणि वणव्याचा हंगाम? तोच! हे कळायला समिती नेमावी लागते का? आग विझल्यावर वर गेलो तर राखेत पाच अंडी. दोन तडकलेली, आतला बलक शिजून घट्ट झालेला. चकोत्री हा पक्षीही तसलाच, जमिनीवर घरटं करणारा. त्याचं काय झालं असेल, कोण मोजणार?

आता माझं ऐका. आग ओल्या टहाळ्यांनी झोडपून विझवली ती आम्ही. माझ्या दोन्ही हातांना फोड आले, अजून भाकरी मोडता येत नाही. वडिलांनी लावलेली आंब्याची कलमं गेली, गवताची गंजी गेली, म्हैस आता काय खाणार, माझं डोकं? पंचनाम्याला गेलो तर वनखातं म्हणतं, "मालकी रान आहे, तलाठ्याकडे जा." तलाठी म्हणतो, "आग जंगलातून आली, वनखात्याकडे जा." या दोघांच्या मध्ये जाळरेषा मात्र पक्की आहे. कागदावर जळालं म्हणे दोन हेक्टर. अहो, माझ्या अंदाजाने शंभर एकर तरी काळं पडलंय, येऊन चाला!

सरकारची वृक्षलागवड बघा : 2016 ला 2 कोटी झाडं, मग 4, मग 13, आणि 2019 ला थेट 33 कोटींचं लक्ष्य. देवांची संख्या गाठली, आता पूजेला कोण? लावायला हेलिकॉप्टरने येता, विझवायला आमची म्हातारी माणसं. वन धोरण म्हणतं 33 टक्के जंगल हवं, आपल्या राज्यात सोळाच्या आसपास. त्यातलंही दरवर्षी कोणी गवतासाठी पेटवतं, कोणी जमिनीच्या सौद्यासाठी. पेटवणारे गावाला ठाऊक असतात, बीटवाल्या वनरक्षकालाही. पण डोंगर उघडा झाला की प्लॉटिंगची पाटी कुणाच्या भावाची लागते, हे मी खुल्या पत्रात लिहावं का?

मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, त्याचा फोटो तुमच्या दालनातही असेल. रानकोंबड्याला फोटो नको. पुढच्या जानेवारीत रेषा काढा, पोरांचा रोज वेळेत द्या आणि माझा पंचनामा कोण करणार ते एकदा लेखी कळवा. पोच मिळाली तरी खूप झालं. मागच्या तीन अर्जांची अजून यायची आहे.

आपला नम्र (सवयीने लिहिलं),
घाटमाथ्यावरचा एक शेतकरी